अमलगम म्हंजे काय, डागतरीन?

दातांच्या डॉक्टरकडे कुणी गप्पा मारायला येत नाही. आलाच, तर आम्ही त्याला आ करायला लावतो, तोंडात कापूस, आरसा आणि स्वतःची दोन बोटं घालतो आणि मग विचारतो, "काय, मुलगी कितवीत आहे यंदा?" तो बिचारा घशातून काहीतरी आवाज काढतो. आम्ही म्हणतो, "अरे वा!" माझं सगळं उमेदीचं आयुष्य अशा एकतर्फी संभाषणात गेलं. म्हणूनच की काय, जी माणसं खुर्चीतसुद्धा बोलायची थांबली नाहीत, तीच आज आठवतात.

डोंबिवली पश्चिमेला, खाडीकडे जाणाऱ्या रस्त्यावर मी दवाखाना थाटला तेव्हा ऐंशीचं दशक नुकतंच सुरू झालं होतं. माझ्या इमारतीपर्यंत शहर होतं. पुढे चार-दोन चाळी, मग भातशेती, मग जुनी मिठागरं आणि खाडी. सुरुवातीला लोक आत डोकावून विचारायचे, "डॉक्टर कधी येणार?"

"मीच डॉक्टर."

"तसं नाही हो. दात काढणारे?"

एक गृहस्थ तर स्वतःच्या भावाला बरोबर घेऊन आले होते. बाईचा जोर कमी पडला तर हाताशी असावा म्हणून. दात जोरानं निघत नाही, त्याला हळूहळू हलवून सैल करावं लागतं, हे मी त्यांना समजावत होते तोवर दात निघालाही होता. भाऊ मात्र दात बघून भोवळ येऊन बाकावर आडवा झाला. त्यालाच पाणी पाजून पाठवावं लागलं.

त्या काळी आमचं निम्मं काम म्हणजे 'चांदी भरणं'. आता दाताच्या रंगाचा मसाला मिळतो, निळा दिवा धरला की तो घट्ट होतो. तेव्हा आम्ही चांदी, कथील आणि तांबं यांची बारीक पूड काचेच्या छोट्या खलात घ्यायचो, तिच्यात पाऱ्याचे थेंब सोडायचो आणि घोटायला लागायचो. बघता बघता त्या भुकटीचा लोण्यासारखा चकचकीत गोळा व्हायचा. तो फडक्यात धरून पिळला की जास्तीचा पारा टपटप बाहेर यायचा आणि गोळा चिमटीत कर्र कर्र वाजायचा. तसा वाजला की समजायचं, जमला. मग चटाचटा उचलायचा आणि दाढेच्या खड्ड्यात ठासून भरायचा, कारण थोड्याच वेळात तो दगड होणार. तेव्हा हातात मोजे नसत. तो पारा मी उघड्या बोटांनी पिळला आहे, आणि उरलेला बाटलीत पाण्याखाली ठेवून दिला आहे. एक वडील तर दर वेळी तो मुलांना खेळायला मागायचे. देत नसे, एवढी अक्कल होती. स्वतःच्या बोटांबद्दल मात्र आज विचार आला की जरा चरकायला होतं.

या गोळ्याला आमच्या पुस्तकात 'अमलगम' म्हणतात. पेशंटांना मी तो शब्द कधी सांगितला नव्हता. दारावरच्या पाटीवर ठळक लिहिलं होतं: 'येथे दातात चांदी भरून मिळेल.'

ती पाटी वाचून घेऊनच जनाबाई आत आली.

वाचून घेऊन म्हणजे बाहेर बसलेल्या देवस्थळी सरांकडून. सर ठाण्याच्या एका शाळेत इंग्रजी शिकवून निवृत्त झालेले. नव्या कवळीनं हिरड्या दुखतात म्हणून माझ्याकडे त्यांचं येणं-जाणं होतं. कवळी बसवली की त्यांचा 'स' शीळ घालायचा आणि इंग्रजीच्या माणसाला ते सहन होत नव्हतं.

जनाबाई खाडीकाठच्या गावातली. चाळिशी उलटलेली, काटक, नऊवारी नेसलेली. घराण्याचं पूर्वी मिठागरावर काम. मिठागरं बंद पडत चालली होती. खुर्चीत बसायच्या आधी तिनं कमरेच्या पिशवीतून एक पुरचुंडी काढली आणि माझ्यापुढे सोडली.

"आयसचा तोरा हाय," ती म्हणाली. "याची भर."

मी गोंधळले. आईचा तोरा दातात कसा भरायचा? मग फडक्यातली वस्तू बघितली. तोडा. आगरी बोलीत 'ड'चा 'र' होतो, हे कानाला सवयीचं व्हायला मला वेळ लागला. चांदीचा जाडजूड, कड्यांनी गुंफलेला, पायातला तोडा. घासून घासून एका बाजूनं पातळ झालेला. एकच.

"दुसरा कुठाय?"

"गेला. पाटल्या गेल्या, सरी गेली. यो र्‍हायलाय." तिनं आवाज खाली आणला. "ह्येंनी वीटभट्टीत भागी घातली, ती बुडाली. मंग आनिक कायतरी केलं, त्येबी बुडालं. मानूस वाईट नाय, बाय. पन हात लावील त्याची माती. आता याच्यावर डोला हाय. तोंडात भरून टाकलीस का कोन काढून नेनार?"

आजवर माझ्याकडे लोक दुखणं थांबवायला आले होते. तिजोरी म्हणून तोंड वापरायला आलेली ही पहिलीच.

मी तिला बसवून दाढ बघितली. खालची, अर्धी तुटलेली, आतून पोखरलेली. मग समजावायला लागले की बाई, आम्ही भरतो ती नुसती चांदी नसते. पूड असते, दोन-तीन धातूंची, आणि ती पाऱ्यात घोटतात. दागिना त्यात घालता येत नाही.

ती उठून बसली. "म्हंजे चांदी नाय?"

"आहे. पण मिश्रण आहे."

"पाटीवर तर चांदीच लिवलंय. त्या मास्तरांनी वाचलानी." बाहेर बघून तिनं हाक मारली, "ओ मास्तर! लिवलंय ना?"

"स्पष्टच लिहिलंय," बाहेरून सर म्हणाले. शीळ घालत.

"मंग त्याचं खरं नाव काय?"

"अमलगम."

"अमलगम म्हंजे काय, डागतरीन?"

पाच वर्षं कॉलेजात तो शब्द दिवसातून दहा वेळा उच्चारला होता. त्यात काय किती, कसं घोटायचं, किती वेळात घट्ट होतं, सगळं पाठ. पण शब्दाचा अर्थ? मी म्हटलं, "म्हणजे... मिसळलेलं."

"मिसल तर मीबी खाते," जनाबाई म्हणाली.

दाराशी सर येऊन उभे होते. त्यांच्या चेहऱ्यावर कवळी बसवल्यापासून न दिसलेला आनंद होता. "डॉक्टर, मला उद्यापर्यंत वेळ द्या," ते म्हणाले. "माझ्याकडे मोठी डिक्शनरी आहे. अर्धवट सांगणार नाही."

त्या दिवशी मी जनाबाईच्या दाढेत लवंगेच्या तेलात कालवलेलं तात्पुरतं औषध भरलं आणि पुन्हा बोलावलं. जाताना तिनं तोडा उचललाच नाही. "तुझ्याकरंच र्‍हाऊ दे," म्हणाली, आणि मी नाही म्हणायच्या आत पायऱ्या उतरून गेलीसुद्धा. मी तो औजारांच्या कपाटात ठेवून कुलूप लावलं. दुसऱ्याची वस्तू सांभाळायला घेतली की झोप लागत नाही, हे तेव्हा कळलं.

सर दुसऱ्या दिवशी आले ते जवळजवळ धावतच, पण जिनं विचारलं तिच्यासमोरच सांगेन म्हणून परत गेले. जनाबाई पुढच्या आठवड्यात आली तेव्हा ते पुन्हा हजर राहिले. दुखत काही नव्हतं, नुसतं सांगायला म्हणून. तिच्यासमोर, वर्गात उभं राहावं तसे उभे राहून त्यांनी सांगितलं.

"हे बघा जनाबाई. इंग्रजांनी हा शब्द घेतला फ्रेंचांकडून नाहीतर लॅटिनमधून. लॅटिनला तो दिला किमयागारांनी. लोखंडाचं सोनं करायला बघायचे ना, ते लोक. त्यांच्याकडे तो बहुतेक अरबांकडून आला. अरब म्हणायचे 'अल्-मल्घम'. आणि अरबांनी तो उचलला असावा ग्रीकांकडून. ग्रीक शब्द 'मालाग्मा'. त्याच्या मुळाशी 'मालाकोस', म्हणजे मऊ."

"येवढ्या लांबून आयलाय?" जनाबाईनं मला विचारलं, जणू शब्द खाडीतून होडीनं आला होता.

"आणि मालाग्मा म्हणजे काय, माहितीय?" सर थांबले. शिक्षक थांबतात तसे, मुलांना उत्तर सुचावं म्हणून. "दुखऱ्या जागेवर बांधायचा मऊ, गरम लेप. पोटीस!"

धातूचा असा मऊ लगदा बघून किमयागारांना पोटीस आठवलं असणार. मग पाऱ्यात घोटलेल्या धातूला तेच नाव पडलं, आणि पुढे इंग्रजीत कशातही काही मिसळलं की अमलगम म्हणायला लागले, असं सरांनी पुढे सांगितलं. कंपन्या एक होतात, बँका एक होतात, तिथंही हाच शब्द. पण मुळात दुखणं मऊ करणारी गोष्ट. खलातल्या त्या गोळ्याकडे मी त्यानंतर कधी पूर्वीसारखं बघितलं नाही.

जनाबाईला मात्र यात नवल वाटलं नाही. "पोटीस व्हय! मंग तसं सांगायचं ना, बाय. माझी आयस हलदीचं बांधायची. पाय सुजला का, गालगुंड झालं का. तिच्या हाताला लय गुन." आणि ती खुर्चीत मागे टेकून बसली. "भर तुझं पोटीस."

सर गेल्यावर मी पाटी रंगवणाऱ्याला बोलावलं. 'चांदी' काढून काय लिहायचं ते मात्र सुचेना. 'येथे पोटीस' लिहिलं असतं तर लोक पायाची सूज घेऊन आले असते. शेवटी नुसतं 'दातांचे उपचार' लिहिलं.

दाढेचं काम लांबलं. आतली नस काढायला चार-पाच वेळा बोलवावं लागलं. आणि मधल्याच एका दुपारी तिचा नवरा आला.

काशिनाथ. उंच, खांदे पडलेला, अंगात इस्त्रीचा शर्ट. तो बहुधा माझ्याकडे यायचं म्हणून घातलेला. दारातच उभा राहिला.

"बायकोनं तुमच्याकरं काय ठेवलंय?"

मी म्हटलं, "पेशंटनं ठेवलेली वस्तू पेशंटलाच देणार."

"माझ्या घरातली हाय ती."

"त्यांच्या आईची आहे."

त्याचा आवाज चढला. बाहेर बसलेले दोघं उठून उभे राहिले. मी कपाटाकडे पाठ करून उभी राहिले. मला वाटलं, हा आता आत घुसणार. तो घुसला नाही. बाकावर बसला आणि दोन्ही हातांनी चेहरा चोळला.

"डागतरीन बाय, गावात सगल्यांना म्हाईत झालंय," तो म्हणाला. "काशिनाथच्या बायकोला नवऱ्यावर इस्वास नाय, परक्याकरं डागिना ठेवलाय. तोंड कुठं दाखवू? मी काय दारूत घालवलं? मीठ गेलं, जमिनीवरून भावाभावांत भांडन झालं. मिठागरावरचा मानूस दुसरं काय करनार? रिक्षा घ्यायचीय. तेवढा तोरा घातला का जमतंय. यो शेवटचाच. मंग नाय मागनार."

तिचं ऐकताना ती बरोबर वाटत होती आणि आता याचं ऐकताना हाही खोटा वाटत नव्हता. दंतवैद्यकाच्या पुस्तकात यावर काही नाही. मी एवढंच म्हटलं, "तुम्ही दोघं मिळून या."

पुढच्या खेपेला दोघं मिळून आले. एकमेकांकडे न बघता. दाढ आता कोरडी झाली होती. तुटकी भिंत मी अमलगमनं उभी केली आणि म्हटलं, यावर आता टोपी बसवावी लागेल, नाहीतर भाकरीच्या पहिल्या घासाला फुटेल. टोपी म्हणजे दातावर बसवायचं धातूचं टोपण. ते ठाण्याला इस्माईलभाई म्हणून कारागीर होते, ते ओतून द्यायचे.

"कशाची टोपी?" जनाबाईनं विचारलं.

मी सांगणार होते तो नेहमीचा धातू. पण तिच्याकडे बघितलं आणि तोंडून गेलं, "चांदीचीही होते. जुन्या चांदीची."

काशिनाथ खिडकीतून बाहेर बघायला लागला.

रविवारी आम्ही तिघं ठाण्याला गेलो. मी तोडा पर्समध्ये घेतला होता आणि काशिनाथची नजर सारा वेळ त्या पर्सवर होती. इस्माईलभाईंची जागा एका जुन्या घराच्या माडीवर. टेबलावर प्लॅस्टरचे जबडे रांगेनं मांडलेले. जनाबाई ते बघून दारातच थबकली. "मेल्यांचे हायत?" असं तिनं विचारलं. इस्माईलभाई इतके हसले की डोळ्यांतून पाणी आलं.

त्यांनी तोडा हातात घेतला, कसोटीवर घासून बघितला. "मॅडम, नुसती चांदी नरम पडते. पण हा जुना माल आहे, यात तांबं आहे. मी जरा आपलं मिलवतो. काली पडेल थोडी, पण टिकेल. लेकिन पूरा का पूरा किसलिए लाये?" त्यांनी तोडा तळहातावर तोलला. "इतने में तो पूरे गाव की दाढें बन जायेंगी. मला एक कडी बस आहे."

एक कडी. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी भरायच्या आणि ओतायच्या विचारात होते. वजनाचा विचार केलाच नव्हता.

जनाबाईनं काही म्हणायच्या आत काशिनाथ पुढे झाला. "कापा."

कात्रीनं कडी तुटली तेव्हा जनाबाईनं डोळे मिटले. मग उघडले. मेणाची दाढ आधी करून प्लॅस्टरच्या साच्यात ठेवलेली होती. मेण जाळून काढलं की आत तिच्या आकाराची पोकळी राहते. इस्माईलभाईंनी कडी मातीच्या मुशीत टाकली आणि फुंकणीची निळी ज्योत तिच्यावर धरली. कडी आधी लाल झाली, मग तिची नक्षी पुसली गेली, मग ती एकदम स्वतःतच गोळा होऊन थरथरायला लागली. पाण्याच्या थेंबासारखी.

काशिनाथ वाकून बघत होता. त्यानं पाटल्या विकल्या होत्या, सरी विकली होती, दुसरा तोडा विकला होता. पण दुकानदाराच्या हातात देऊन तो परतला होता. चांदी जाते कशी, हे त्यानं कधी बघितलं नव्हतं. थेंब साच्यात ओतला गेला आणि काशिनाथ सरळ उभा राहिला. बायकोला म्हणाला, "बाकीचा र्‍हाऊ दे. तुझ्याकरंच ठेव."

जनाबाई त्याच्याकडे बघत राहिली. मग तिनं टेबलावरून तुटका तोडा उचलला, फडक्यात बांधला, गाठ मारली आणि पुरचुंडी त्याच्या हातात ठेवली.

"ने."

"नुको, मी बोललो ना—"

"ने. रिक्षा घे. पन रिक्षाच घे." आणि गालावर हात ठेवून, "माझं माझ्याकरं हाय."

टोपी बसवली त्या दिवशी तिनं आरसा मागितला. आत खोल, मागची दाढ. जबडा फाकवल्याशिवाय दिसायची नाही. तिनं जिभेनं तिला पुन्हा पुन्हा चाचपलं. "आत पोटीस, वर आयस," ती म्हणाली. मग जरा वेळानं, "गोल हाय गं, तोऱ्यासारखी."

रिक्षा आली. जुनी, दुसऱ्याकडून घेतलेली, हुड शिवलेला. पण ती चालली. पहिल्याच दिवशी काशिनाथनं ती माझ्या दवाखान्यासमोर आणून उभी केली. मागे जनाबाई. समोरच्या स्टँडवरचे दोघं-तिघं जमले तर ही बाई सगळ्यांसमोर भला मोठा आ करून दाखवतेय. मी वरून ओरडले, "अहो, तोंडात माशी जाईल!" तर म्हणाली, "जाऊ दे, सगल्यांना बघू दे!" त्यानंतर माझ्याकडच्या म्हाताऱ्या पेशंटांना काशिनाथच न्यायचा-आणायचा. देवस्थळी सरांनाही. सर वाटेत त्याला रिक्षा हा शब्द मूळ जपानी कसा, ते सांगत, आणि तो दर वेळी पहिल्यांदाच ऐकतोय असं दाखवून "काय सांगता!" म्हणत असे.

एका संध्याकाळी पेशंट नव्हते. जनाबाई अशीच येऊन बसली होती. टोपीचं काही नव्हतं, काशिनाथ यायची वाट बघत होती. मी औजारं पुसत होते. तिनं विचारलं, "तुझ्या आयसची काय वस्तू हाय तुझ्याकरं?"

मी विचार केला. बांगड्या होत्या, एक साडी होती. मग म्हटलं, "वस्तू कशाला? आई आहे की. कल्याणला असते, भावाकडे."

"हाय?" ती उडालीच. "कल्यानला? हिथनं कल्यानला?"

"हो."

"कवा गेलीस शेवटची?"

मी आठवायला लागले. गणपतीत गेले होते का? की त्याच्या आधी? रोज दवाखाना, रविवारीही अर्धा दिवस. जाऊ, जाऊ म्हणत.

जनाबाई उठली. तिनं माझ्या हातातलं फडकं काढून टेबलावर ठेवलं. "मंग हिथं काय पुसत बसलीस? जा की. ह्ये आयले का त्यांच्या रिक्षात बस. मी जाते चालत."

मी खरंच गेले. काशिनाथनं मला ठाकुर्लीवरून, पत्रीपुलावरून कल्याणला नेलं. वाटेत एकदाही थांबला नाही. त्याच्या बायकोनं त्याला काय बजावलं असेल, कोण जाणे. दार आईनंच उघडलं. मला बघितलं, मागे रिक्षा बघितली आणि कपाळाला आठी घालून म्हणाली, "या वेळेला? कुणाचं दुखतंय?"

"कुणाचं नाही," मी म्हटलं.

"मग चपला काढ," आई म्हणाली. "आणि त्या रिक्षावाल्यालाही बोलव. भात टाकते."